नकोशा निरोपाची गोष्ट : लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’

‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र आहे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तरीही ज्या घराला ख्रिस्ताचा निरोप नकोच आहे, त्या घरात तो प्रेमाने कसा न्यावा, हा प्रश्न ज्याला भेडसावत असेल, त्याने हे पुस्तक विकत घेऊन पुन्हा सावकाश वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या आणि बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली ती वज्राघातासारखी. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईला नवरा जिवंत असून हरवला. नातलगांचा आक्रोश, लोकांची बोलणी आणि पंढरपुरातले दिवस त्यांनी इतक्या साध्या शब्दांत लिहिले आहेत की वाचताना आपलाच घसा दाटून येतो. टिळकांनी हा घाव घातला, तो सोसायचा मात्र लक्ष्मीबाईंना होता, आणि पुस्तक हे कुठेही झाकून ठेवत नाही. टिळकांचा तापट स्वभाव, हातचा पैसा वाटून टाकण्याची खोड, घरात न सांगता निघून जाणे, सारे त्यात आहे. म्हणूनच पुढे त्यांच्या प्रेमाची जी साक्ष मिळते, ती खरी वाटते.

पुढे लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या, तरी हिंदू म्हणूनच राहिल्या. त्यांची चूल वेगळी राहिली, सोवळे सुटले नाही, आणि टिळकांनी ते मोडण्याचा हट्ट धरला नाही. माझ्या मते पुस्तकाचा गाभा इथे आहे. स्वतःला सापडलेले सत्य बायकोलाही सापडावे, ही तळमळ टिळकांना रात्रंदिवस होती. पण नकार देण्याचा तिचा हक्क त्यांनी मानला आणि नकारानंतरही माया आटू दिली नाही. लक्ष्मीबाईंचे मन पालटले तेही कोणी वादात हरवले म्हणून नव्हे. जातिभेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केले, हे त्यांना स्वतःलाच उमगले आणि त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खुद्द टिळकांपर्यंतही हा निरोप असाच आला होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने गप्पा मारल्या, बायबलमधला ‘नवा करार’ हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. त्या माणसाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर मात्र त्यांना पुस्तक खाली ठेववेना. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते पुढे सांगत. आपल्या माणसांची भाषा आणि भक्ती त्यांनी टाकली नाही, आणि म्हणून त्यांचे अभंग आजही मराठी उपासनेत गायिले जातात.

पुस्तकात नातेवाइकांची नावे भराभर येतात आणि नवख्या वाचकाचा गोंधळ होतो, एवढी एक अडचण आहे. संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे, पण ती घेऊ नये. ताटातुटीच्या वर्षांतला एकेक दिवस लक्ष्मीबाईंनी कसा ढकलला, हे संपूर्ण आवृत्तीतच नीट कळते. शक्य असल्यास तळटिपा असलेली प्रत मागून घ्यावी.