शेततळं खोदायचं की पाझर तलावातला गाळ काढायचा?

आम्ही राहतो फोंड्याला, जमीन मात्र सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात. गोव्यात नोकरी आणि घाटावर शेती असलेले बरेच जण हे विचारतात म्हणून लिहितेय. गोव्यात 3000 मिमीच्या आसपास पाऊस, तिकडे 500-600 झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात, त्यामुळे इथे बंधाऱ्याला फळ्या घालून पाणी अडवलं की कुळागर (सुपारी-नारळाची बाग) तगतं, तसं तिकडे होईल ही आशा सोडा.

पाझर तलाव फेब्रुवारीत आटला की लोक म्हणतात पैसे वाया गेले. अहो, तो मुरण्यासाठीच बांधलाय! पाणी जमिनीत जातं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं. खरी अडचण गाळाची, वर्षानुवर्षं बारीक माती बसून तळ लिंपल्यासारखा होतो, मग पाणी मुरत नाही, मावतही नाही, उथळ पसरून उन्हात उडून जातं. गाळ काढला की तो शेतात टाकता येतो, मुरमाड रानाला तर फारच चांगला. पण हे एकट्याचं काम नाही, गाव सोबत हवं, आणि तुमची विहीर तलावाच्या वरच्या अंगाला असेल तर फायदा विसरा.

शेततळं तुमचं स्वतःचं. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, बाजूंना 1:1 उतार, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी. तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला की झिरपणं थांबतं, ऊन थांबत नाही ना! रोज 8 मिमी उडतं धरलं तर काठोकाठ भरलेल्या तळ्यातून दिवसाला 7200 लिटर जातं, मार्च ते मे मिळून पाऊण मीटरच्या आसपास पातळी उतरते. म्हणून तोंड लहान आणि खोली जास्त ठेवा. कुंपण आणि आत सोडलेला दोर यात अजिबात काटकसर नको, ओल्या कागदावरून घसरलेलं माणूस वर येऊ शकत नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते, बोअरचं पाणी उपसून तळं भरणं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पाडायची, हे नका करू.

पावसाळ्यात ओढ्याचं जादा पाणी मिळत असेल आणि डाळिंबाची बाग जगवायची असेल तर शेततळं घ्या. आमची विहीर तलावाच्या खालीच आहे, त्यामुळे आम्ही गाळासाठी पैसे काढलेत, काम मात्र मृगाच्या आत उरकायला हवं.