हिमवादळ मोजायचे कशाने: नेसिस की डब्ल्यूएसएसआय?

अमेरिकेत हिमवादळाची तीव्रता मोजणारे दोन निर्देशांक बरेच चर्चेत असतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत.

नेसिस (नॉर्थईस्ट स्नोफॉल इम्पॅक्ट स्केल) हा हवामानशास्त्रज्ञ पॉल कोसिन आणि लुई उचेलिनी यांनी 2004 मध्ये मांडलेला, ईशान्य अमेरिकेपुरता निर्देशांक. किती बर्फ पडला, किती भागावर पडला आणि तिथे किती लोक राहतात, यांवरून 1 ते 5 श्रेणी ठरते. मार्च 1993 च्या महावादळाला 13.20 गुण मिळाले. पाचवी श्रेणी 10 पासूनच सुरू होते. जुन्या वादळांशी तुलना करायला तो उत्तम, पण हिशेब लागतो तो वादळ सरल्यावर. शिवाय वारा किंवा झाडे-तारा मोडणारा गोठता पाऊस त्यात धरलेलाच नाही.

डब्ल्यूएसएसआय (विंटर स्टॉर्म सिव्हिरिटी इंडेक्स) ही अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची पद्धत मात्र हवामान अंदाजावरून वादळाआधीच बोलते. बर्फाचे प्रमाण, झाडांवर नि तारांवर साचणारा त्याचा भार, गोठत्या पावसाने साचणारा बर्फाचा थर, वाऱ्याने उडणारा हिम, हे घटक ती वेगवेगळे दाखवते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती स्थानिक सवयीचा विचार. न्यूयॉर्क राज्यातल्या बर्फाळ बफेलोत 10 सेंटीमीटर बर्फ म्हणजे रोजचीच कटकट. दक्षिणेतल्या अटलांटात तेवढ्यात महामार्ग ठप्प होतात.

मात्र मूळ अंदाज चुकला तर निर्देशांकही चुकतो. आणि निव्वळ थंडीची तीव्रता दोन्हींत मोजली जात नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासची वीज गेली, तेव्हा घात बर्फापेक्षा गारठ्यानेच जास्त केला.

शाळा-रस्त्यांचे निर्णय घेणाऱ्याने डब्ल्यूएसएसआयच पाहावा, नेसिस अभ्यासकांसाठी.