पाय मोडका ब आणि तीन चिंचोके: आवाजावरून इंग्रजी वाचन, आठ महिन्यांनंतर

आधीच सांगते, फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवण्याचा, विकत घेतलेला संच मला निम्माच उपयोगी पडला. पद्धत मात्र मी आता सोडणार नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा सुरुवात जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली. आता मार्च संपत आलाय. पोळा, दिवाळी, कापसाची वेचणी, परीक्षा, सगळं मधे येऊन गेलं. पहिल्या पंधरवड्याच्या उत्साहात लिहिलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं.

शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे, पट १९. त्यातली तीन मुलं कोलाम पोडावरून (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून) चालत येतात. त्यांच्या घरी कोलामी बोलतात, म्हणजे त्यांना मराठीसुद्धा शाळेतच भेटते. आपल्या शाळांत इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. तरी तिसरीत आलेली माझी मुलं "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" हे पाढ्यासारखं एका सुरात म्हणायची, आणि फळ्यावरचा सी पुसून तिथे बी लिहिला की सगळा वर्ग गप्प. एकाने तर तो शब्द बघून ठणठणीत आवाजात "मांजर!" सांगितलं.

या पद्धतीत अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी. एस म्हणजे 'एस' नाही, 'स्स'. सुरुवातही एबीसीडीने होत नाही. एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांनी होते, कारण तेवढ्यातूनच सॅट, पिन, टिन, टॅप, पॅन असे शब्द लगेच जुळतात आणि मुलाला आठवडाभरात "मी वाचलं" असं वाटतं. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, म्हणून पुढे दोन अक्षरं मिळून एक आवाज शिकवायचा: एस-एच, सी-एच, ओ-आय, डबल ई. वाचताना आवाज जोडायचे, स्पेलिंग लिहिताना तेच सुटे करायचे.

मला वाटलं, यात आपल्याला काय अवघड? आपली बाराखडी म्हणजे आवाजच की. तिथेच फसले.

संचाच्या पेन ड्राइव्हमधली बाई 'ब्' म्हणते. माझ्या मुलांच्या कानात जातो 'ब'. आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात अ बसलेला असतो, आणि मुलाला तो वेगळा दिसतच नाही. मग ब, ॲ, ट जोडून होतो 'बॲट'. 'ब-ॲ-ट, ब-ॲ-ट' कितीही जोरात म्हटलं तरी बॅट काही होईना. दोन आठवडे यात गेले. मग एक दिवस वैतागून फळ्यावर मोठा ब काढला आणि त्याचा पाय मोडला. "हा पाय मोडका ब. याच्याजवळ अ नाही, म्हणून हा एकटा चालू शकत नाही, दुसऱ्याचा हात धरतो." दहा मिनिटांत वर्ग वाचायला लागला. सगळ्या तक्त्यांवर मी मार्करने मराठी पाय मोडकी अक्षरं लिहून टाकली: प्, ट्, न्, म्. तक्ता विद्रूप झाला, पण काम झालं. कॅटमधल्या ए साठी ॲ आणि हॉटमधल्या ओ साठी ऑ आपल्याकडे आहेतच. २००९ च्या शासन निर्णयाने हे दोन्ही वर्णमालेत रीतसर आले, आणि त्यांचा एवढा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

लिहिताना हीच अडचण उलटी होऊन आली. 'बस' लिहा म्हटलं तर १९ पैकी बाराजणांनी बी एस लिहिलं. मी आधी लाल पेन चालवला. मग लक्षात आलं, पोरगं चुकत नाहीये, ते मराठी लिहितंय. त्याच्या कानाला ब आणि स ही दोनच अक्षरं ऐकू येतात, मधला अ त्याच्या हिशेबात ब च्या घरातलाच. यावर उपाय सापडला तो चिंचोक्यांचा. फरशीवर खडूने तीन चौकोन आखायचे, शब्द सावकाश म्हणायचा आणि एकेका आवाजाला एकेक चिंचोका पुढे सरकवायचा. एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चौकटी आहेत, चिंचोके आमचे. बी एस लिहिलं की आता मी काही बोलत नाही, फक्त विचारते, "मधला चिंचोका कुठे गेला?" मुलं स्वतःच यू घालतात. आठ महिन्यांत कशाचा सर्वांत जास्त फायदा झाला असं विचाराल तर याच फुकट चिंचोक्यांचा.

आता संचातल्या शब्दांबद्दल. वाचायला दिलेले शब्द होते फॉक्स, व्हेट, जॅम, इंक, हेन. मुलं ते वाचायची, अगदी बरोबर, आणि माझ्याकडे बघत बसायची. 'व्हेट' जोडून वाचलं, पुढे काय? गुरांच्या डॉक्टरला आमच्याकडे कोणीच व्हेट म्हणत नाही. गॉफ आणि टनमर या दोघांनी १९८६ साली मांडलेलं एक साधं सूत्र आहे: वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. त्यातलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. इंग्लंडच्या मुलाच्या कानात शब्द आधीच असतो, तो फक्त कागदावर ओळखायचा असतो. माझ्या मुलाच्या कानात तो नसतो, म्हणून एकटी ही पद्धत आमच्याकडे पोपट तयार करील.

पण अजिबातच नसतो असंही नाही. एक दिवस मी मुलांनाच सांगितलं, घरी जे जे बोलता त्यातले इंग्रजी वाटणारे शब्द आणा. दुसऱ्या दिवशी फळा भरला: पंप, बस, मग, टब, पिन, सिम, चिप, नेट, प्लग, बटन, ट्रक, टँक, कट, पंक्चर, स्टार्टर, मोटर, लोडशेडिंग. हे सगळे शब्द मुलांच्या जिभेवर वर्षानुवर्षं होते, ते इंग्रजी आहेत हे कोणी सांगितलंच नव्हतं. संचातली कार्डं बाजूला ठेवून मी या शब्दांची कार्डं केली, लग्नपत्रिकांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर. 'पंप' वाचताना एक पोरगी प्-अ-म्-प् करत करत थांबली आणि ओरडली, "मॅडम, हा तं आमच्या विहिरीवर हाय!" तोवर तिच्यासाठी इंग्रजी पुस्तकातच राहणारी गोष्ट होती.

संचाबद्दलच्या तक्रारी थोडक्यात. कंपनीचं नाव घेत नाही, दुसऱ्यांचे संचही मी पाहिले आहेत, फार फरक नाही. किंमत ११०० रुपये, माझ्या खिशातून. शिक्षकासाठीची पुस्तिका पूर्ण इंग्रजीत. कार्डं ऑक्टोबरच्या उन्हातच वाकडी झाली. आणि ऑडिओत 'कार' चा उच्चार 'काऽ' असा, शेवटचा आर गायब. आमची मुलं 'कार', 'हॉर्न', 'कार्ड' यातला र खणखणीत म्हणतात आणि म्हणून लिहिताना आर विसरत नाहीत. म्हणजे स्पेलिंगसाठी आमचाच उच्चार जास्त सोयीचा! दिवाळीनंतर ऑडिओ लावणं बंद केलं. आमच्या उच्चाराची खोट दुसरीकडे निघते: व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आम्ही 'व' म्हणतो, त्यामुळे 'वेट' लिहिताना कोणता व हे कानावरून ठरतच नाही. ओठांचा चंबू करून दाखवला, आरसा धरला, तरी अजून गोंधळ आहे. 'शिप' आणि 'शीप'चंही तेच.

पालकांचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये एक आई थेट वर्गाच्या दारात. "मॅडम, पोट्टी घरी दिवसभर सापावानी स्स स्स करते. तुम्ही एबीसीडी काहून नाही शिकवत? कॉन्व्हेंटवाले तं शिकवतात." तिला रागावून काय उपयोग. मी मुलीला बोलावलं, कधी न शिकवलेला शब्द फळ्यावर लिहिला, तिने जोडून वाचला. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पोरगी वेळेवर यायला लागली. एबीसीडीचं गाणंही मी नंतर घेतलं, कारण पाचवीत गेल्यावर 'स्पेलिंग सांग' म्हटलं की अक्षरांची नावंच लागणार.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेतल्या मुलांची ४० शब्दांची तपासणी होते, त्यात २० शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर करून वाचता येत नाही. मला ही कल्पना आवडली. मीही असे शब्द बनवले. पण मराठीच्या गावात निरर्थक शब्द बनवणं सोपं नाही. जी-यू-पी लिहिलं, पोराने वाचलं "गप", आणि अख्खा वर्ग एकमेकांना गप म्हणत सुटला. तो तास तिथेच संपला.

हिशेब असा. १९ पैकी १३ मुलं आता तीन-चार अक्षरी अनोळखी शब्द स्वतः जोडून वाचतात. चारजण अजून अक्षरांच्या पहिल्या दोन गटांत अडकलेत, त्यांना बी आणि डी उलटसुलट दिसतात. दोघं डिसेंबरात आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली, परत आली तेव्हा पाय मोडका ब सोडून सगळं विसरली होती. कोलाम पोडावरची तिघंही तेरांमध्ये आहेत. यात माझं कौतुक कमी आणि त्यांना नव्या भाषेची सवय जास्त, असं मला वाटतं.

स्पेलिंगची बाजू मात्र लंगडी आहे, हे लपवत नाही. आवाजावरून लिहिणारं मूल 'बकेट' मध्ये सी विसरतं, 'मोटर' ला शेवटी ई-आर लावतं. चाचणीत त्याला शून्य. पूर्वी तीच जागा कोरी असायची, आता तिथे समजून केलेली चूक असते, पण गुणपत्रिकेला दोन्ही सारखेच. आणि एक गंमत म्हणजे याचा ओघळ मराठीत आला. "ऐका आणि लिहा" ची सवय लागल्यावर वऱ्हाडी पोरं 'पाणी' चं 'पानी' आणि 'डोळा' चं 'डोया' आणखी बिनधास्त लिहू लागली. त्यांना मी काय सांगू? ऐकू येतं ते लिही, पण मराठीच्या तासाला नाही? ह्रस्व-दीर्घ तर आपल्यालाही कानावरून कुठे कळतं.

जानेवारीत तुरीवर फवारणी चालू होती. चौथीतल्या एकाने बापाच्या औषधाच्या डबीवरचा शब्द जसाच्या तसा वहीत उतरवून आणला. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात माणसं दगावली, तेव्हापासून घरोघरी त्या डब्यांची धास्ती आहे. निळ्या खुणेच्या औषधावर डेंजर लिहिलेलं असतं, लाल आणि पिवळ्यावर पॉयझन, हिरव्यावर कॉशन. याची निळी होती. तो बोट ठेवून वाचायला लागला, "डॅन... गर. डॅनगर." नियमाप्रमाणे अगदी बरोबर. दोनदा म्हटलं, मग डोळे मोठे झाले. "डेंजर! मॅडम, हे डेंजर हाय!" हा शब्द तो रोज बोलतो, डेंजर मॅच, डेंजर कुत्रं. जीभ नियमाने जिथवर गेली, तिथून पुढे कानाने नेलं.

त्याच आठवड्यात बाकीच्यांनी पॉयझन आणलं. 'ओ-आय' शिकवून झालं होतं, म्हणून 'पॉय' पटकन आलं, 'सॉन'चं 'झन' मी करून दिलं. कॉशनवर मात्र सगळे आपटले. काऊ-टी-ऑन, कॉ-टी-ऑन, बरंच काही झालं. भिंतीवर आमची 'हट्टी शब्दां'ची यादी आहे, आवाजाचा नियम न मानणारे शब्द: द, वॉज, सेड, वन. मुलांनी त्याखाली कॉशन लिहिलं आणि शेजारी हिरव्या खडूने एक डबी काढली.