राडारोडा आणि पालापाचोळा: कोणता मार्ग कोणाला स्वस्त पडतो?

पाच बाय सातचं बाथरूम नव्याने करायचं आहे आणि त्याच सुमारास आवारातल्या झाडांची छाटणीही काढली आहे. यातून निघालेलं टाकायचं कुठे, हा प्रश्न बहुतेक घरांत हातोडा पडल्यावर निघतो. तोवर फरशीचे तुकडे, पीओपी, रिकाम्या गोण्या आणि फांद्या यांचा एकच ढीग झालेला असतो. असा ढीग भंगारवाल्याच्या उपयोगाचा नाही, त्याचं खत होत नाही आणि राडारोड्याच्या प्रकल्पावरही तो अडतो. शेवटी तो नेणारा मागेल ते पैसे द्यावे लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून चार जागा ठरवा: विटा-फरशी-सिमेंट, पीओपी, धातू आणि लाकूड, झाडांचा कचरा.

आधी वजन काढा

दर विचारण्याआधी माल किती निघेल याचा अंदाज हवा. पाच बाय सातच्या बाथरूमला सात फुटांपर्यंत टाइल्स असतील, तर जमीन धरून साधारण 190 चौरस फूट होतात. टाइल आणि मागचा मसाला मिळून एक ते सव्वा टन माल निघतो. खालचा खोलगट स्लॅब उघडून ब्रिकबॅट कोबाही (विटांच्या तुकड्यांचा भराव) काढायचा असेल, तर आणखी दीड टन धरा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत 25 ते 30 किलोच भरायचं. काठोकाठ भरलेली गोणी जिन्यात फाटते आणि ती उचलणाऱ्याची पाठ धरते. म्हणजे नुसत्या टाइल्सच्या चाळीसेक गोण्या झाल्या. आकारमानाने हा माल 30 घनफुटांच्या आसपास, एक तृतीयांश ब्राससुद्धा (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) नाही. त्यामुळे कोणी ‘ट्रॉलीचे इतके’ असा भाव सांगितला, तर तो पूर्ण एका ब्रासचा आहे का, हे विचारा. नाहीतर रिकाम्या जागेचे पैसे भरले जातात.

ठेकेदारावर सोपवावं की स्वतः गाडी करावी?

‘राडारोड्यासकट’ दर सोयीचा वाटतो, आणि ठेकेदार सचोटीचा असेल तर तोच घ्यावा. फक्त त्या दरात जिन्यातली हमाली धरली आहे का आणि माल कुठे उतरवणार, हे कामाआधी लिहून घ्या. ‘आम्ही टाकून देतो, तुम्ही काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळालं, तर तो माल ओढ्याकाठी किंवा रस्त्याकडेला पडण्याची शक्यता मोठी. अर्धवट बुजलेला ओढा पावसाळ्यात शेजारच्या वस्तीत शिरतो. म्हणून शेवटचा हप्ता प्रकल्पाची पावती दाखवल्यावरच द्यायचा.

स्वतः गाडी ठरवताना प्रत्येक खेपेच्या भाड्यावर जाऊ नका. छोटा हत्ती साधारण पाऊण टन नेतो, म्हणजे सव्वा टनाला दोन खेपा लागतात. सव्वा-दीड टनाचा पिकअप महाग वाटतो, पण एका खेपेत काम उरकतो. हिशेब असा मांडा: खेपा गुणिले भाडं, अधिक हमाली, अधिक प्रकल्पाचं शुल्क. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर हमालीच भाड्याच्या वर जाऊ शकते. तिथे गाडी बदलून फारसं वाचत नाही. सोसायटीत आणखी एकाचं काम चालू असेल, तर दोन्ही घरांचा माल एकाच खेपेत न्यावा. सगळ्या पर्यायांत हा मला सर्वांत फायद्याचा वाटतो, पण त्यासाठी तारखा आधी जुळवाव्या लागतात.

महापालिकेचा मार्ग लहान कामांना सोयीचा आहे. पुण्यात राडारोड्याचा प्रकल्प वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला. मुंबईत ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा आहे आणि दहिसर व शिळफाट्याजवळ प्रक्रिया होते. इथे माल भरडून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉकसाठी वापरता येतो, म्हणूनच तो स्वच्छ हवा. क्षेत्रीय कार्यालयात किंवा वॉर्ड ऑफिसात चार गोष्टी विचारा: किती मालापर्यंत काय दर, गोण्यांत भरून हवा की सुटा, गाडी दारापर्यंत येते की जवळच्या संकलन केंद्रावर न्यायचा, आणि नोंद केल्यापासून किती दिवसांनी. गाडी उशिरा येऊ शकते. गोण्या ठेवायला आवारात जागा नसेल, तर हा पर्याय निवडू नका.

पैसे परत देणारा मार्ग भंगाराचा. जुने नळ पितळेचे आहेत का, हे लोहचुंबकाने कळत नाही, कारण पितळ आणि जस्त दोन्हींना तो चिकटत नाही. कानशीने खालच्या बाजूला ओरखडा काढा: पिवळं दिसलं तर पितळ, पांढुरकं दिसलं तर जस्ताचं मिश्रण. पितळ वेगळं तोलून द्या. सगळं एकत्र दिलं की भाव लोखंडाचा मिळतो. कमोड-बेसिनला भंगारात किंमत नाही, चांगल्या स्थितीत असतील तर अखंड काढून कोणाला तरी द्यावेत. टाइलचे तुकडे गच्चीच्या चायना मोझॅकला चालतील असं वाटतं, पण मागे मसाला चिकटलेला तुकडा नीट बसत नाही.

विटांचे तुकडे जोत्याच्या भरावात किंवा पायवाटेखाली चालतात. कुंड्यांच्या तळाशी मात्र नकोत. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडतात.

बागेचा कचरा

इथे हिशेब उलटा होतो. राडारोड्यात गाडी वजनाने भरते, फांद्यांत जागेने, आणि आपण पैसे देऊन हवा वाहून नेतो. म्हणून फांद्या दोन-दोन फुटांच्या तोडून मोळ्या बांधल्या, की खेपा निम्म्यावर येऊ शकतात. फांद्या तोडण्याआधी उद्यान विभागाला विचारा: शहरांत 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आवार खासगी असलं तरी.

पानांसाठी घरचं खत सर्वांत स्वस्त, तीन फूट लांब-रुंद-उंच जागा असेल तर. तीन घमेली वाळलेली पानं, वर एक घमेलं हिरवं (गवत किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा), वर शेणकाल्याचा शिडकावा, असे थर रचा. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. दर आठ-दहा दिवसांनी उलथा. मऊ पानांचं खत दोन-तीन महिन्यांत होतं. आंबा, फणस, वडाची जाड पानं अखंड टाकली तर सहा महिनेही लागू शकतात, म्हणून आधी चुरडा. वास आला तर पाणी जास्त झालं आहे, कोरडी पानं मिसळा. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा पडला आहे. नारळाच्या झावळ्या खतात घालू नका: हिरांचा खराटा करा, बाकी झाडांच्या आळ्यांत आच्छादनाला वापरा. पिठ्या ढेकूण पडलेल्या फांद्या आच्छादनात नकोत, आणि लाकडाचा ढीग भिंतीला टेकवू नका, वाळवी घरात येते.

जागा नसेल तर पानं कोरडी असतानाच गोण्यांत भरून ज्याला हवी त्याला द्या. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा गट पानं असणारे आणि पानं लागणारे यांची गाठ घालून देतो. इथे खर्च गोण्यांचाच. माळी नेतो म्हणाला, तर तो कुठे टाकतो हे विचारा, कारण रिकाम्या प्लॉटवर पेटवून दिल्याचा धूर सगळ्यांच्या घरांत येतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवला आहे.

यात न बसणाऱ्या वस्तू

रंगाचे अर्धे डबे, थिनर आणि ट्यूबलाइट या गोणीत जाऊ देऊ नका, त्या घरगुती घातक कचऱ्यात द्यायच्या. शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू नका, ओले करा, बोल्ट सोडवून अखंड उतरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि कुठे द्यायचे ते महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारल्याशिवाय गाडीत चढवू नका.