किंग्सली प्लांटेशन, जॅक्सनव्हिल : आधी गुलामांच्या खोल्या बघा, बंगला नंतर

फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला येणार असाल तर बीचचा वेळ थोडा कमी करा पण फोर्ट जॉर्ज बेटावरचं किंग्सली प्लांटेशन, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चाललेला जुना कापसाचा मळा, बघाच. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, तिकीट नाही. झाडीतल्या रस्त्याने आत गेलं की अर्धगोलात मांडलेल्या गुलामांच्या पडक्या खोल्या दिसतात, लोक तिथे एखादा फोटो काढतात आणि थेट नदीकाठच्या बंगल्याकडे जातात. बंगला १७९७-९८ चा आहे, छान आहे, पण मला विचाराल तर इथे बघायचं ते या खोल्याच.

३२ होत्या, २५ चे अवशेष उरलेत. भिंती टॅबीच्या, म्हणजे कालवांच्या शिंपल्या लाकडावर जाळून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि अख्ख्या शिंपल्या मिसळायच्या, ते फळ्यांच्या साच्यात भरून ठोकायचं, थर सुकला की साचा वर चढवायचा आणि पुढचा थर. शिंपल्यांचा चुना आपल्या कोकण-गोव्यातही भाजायचे, पण इथे शिंपल्या भिंतीतच उभ्या-आडव्या दिसतात, जवळ गेलात तर थरांच्या रेषाही कळतात. शिंपल्यांतलं मीठ धुवून काढायला लागतं नाहीतर भिंत कच्ची राहते, चुना हाताला भाजतो, ओल किती ठेवायची ते अनुभवानेच कळतं. हे सगळं गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांनी केलं, तेही कापसाच्या शेतातलं रोज नेमून दिलेलं काम असताना. छपरं, दारं गेली पण जवळजवळ दोनशे वर्षं समुद्राच्या हवेत या भिंती टिकल्यात, याला कसबी कारागिरी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं! त्यांना ना मजुरी, ना भिंतीवर कोणाचं नाव, आणि अख्ख्या जागेला नाव मात्र मालकाचं, याचा मला मनापासून राग येतो.

शिंपल्या आल्या कुठून तेही विचारा. टिमुकुआ, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांनी, कालवं खाऊन शेकडो वर्षांत जे ढीग टाकले होते त्यातूनच उपसल्या.

मालकाची, म्हणजे किंग्सलीची, बायको ॲना सेनेगलची, स्वतः गुलाम म्हणून विकत घेतलेली, १८११ मध्ये मुक्त झाली आणि नंतर तिच्याकडेही गुलाम होते. हे पचायला जड जातं, पण लपवलेलं नाही ते बरं. २०१० मध्ये उत्खननात इथे सहा कबरी सापडल्या, त्या आफ्रिकन लोकांच्याच.

टॅबीचं कोठारही आहे, ते सोडू नका. भिंतींना हात लावू नका, चढू तर मुळीच नका, शिंपल्या सुटतात आणि त्या कडेला धारदार असतात, मुलांना आधीच सांगून ठेवा. बंगला आतून बघायचा असेल तर टूर कधी आहे ते आधी फोन करून विचारा. डासांचा स्प्रे आणि पाणी सोबत घ्या, आत खायला काही मिळत नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच.