औषध-जनुक चाचणीचा रिपोर्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दादरच्या आमच्या क्लिनिकमध्ये एका लॅबचा औषध-जनुक पॅनेल, म्हणजे कोणतं औषध कोणाला कसं लागू पडेल हे जनुकांवरून सांगणारी चाचणी, आठ महिने वापरला. चाचणी उपयोगी आहे, पुढेही करून घेऊ. पण रिपोर्ट जसा छापून येतो तसा पेशंटच्या हातात देऊ नये, हे आता ठाम मत झालं आहे.

अडचण रंगांची आहे. पहिल्याच पानावर औषधांची नावं हिरव्या, पिवळ्या, लाल रकान्यांत येतात. लाल दिसलं की पेशंट घरी जाऊन गोळी बंद करतो. अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) असं परस्पर बंद केलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. खरी गोष्ट आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते : सीवायपी२सी१९, *२/*२. पहिलं जनुकाचं आणि त्यातून बनणाऱ्या एन्झाइमचं नाव, नंतर आई-वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन प्रती; *२ म्हणजे निकामी प्रत. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं, यकृतातलं हे एन्झाइम त्याला कामाला लावतं. दोन्ही प्रती *२ असल्या की ते काम जवळजवळ होतच नाही. म्हणजे गोळी विषारी नाही, ती लागू पडत नाही. अशा वेळी डॉक्टर त्याच कामाच्या प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर या गोळ्यांकडे वळतात, तेही रक्तस्रावाचा धोका आणि पूर्वीचा पक्षाघात विचारूनच. दक्षिण आशियाई लोकांत *२ बराच आढळतो, त्यामुळे ही ओळ आधी वाचावी.

समजावताना आपली रोजची भाषाच कामी येते. 'लागू पडत नाही', 'मानवत नाही' आणि 'अंगावर उठलं' या तीन तक्रारी ओपीडीत रोज ऐकू येतात, आणि रिपोर्टमध्येही त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सीवायपी२डी६ (औषधं पचवणारं दुसरं एन्झाइम) मंद असेल तर अमिट्रिप्टिलिन (नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यावरची गोळी) शरीरात साठतं, तोंड कोरडं पडतं, गुंगी येते. हे न मानवणं, इथे कमी डोसने भागू शकतं. एचएलए-बी*१५:०२ (प्रतिकारशक्तीच्या जनुकाचा एक प्रकार) असेल तर कार्बामाझेपिन या फिटच्या गोळीने स्टीव्हन्स-जॉन्सनसारखी जिवावरची त्वचेची प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो. तिथे डोस कमी करून उपयोग नाही, नव्याने सुरू करताना ते औषधच टाळायचं. हा धोका मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत असतो, म्हणून वर्षानुवर्षं बिनतक्रार घेणाऱ्याला घाबरवून फिटची गोळी सोडायला लावू नका.

आता उणिवा. *१ म्हणजे नॉर्मल प्रत, पण '*१/*१, नॉर्मल' याचा अर्थ एवढाच की लॅबने जे बदल शोधले ते सापडले नाहीत. न शोधलेला बदल आपोआप *१ म्हणून छापला जातो. डीपीवायडीमध्ये (कॅन्सरची काही औषधं शरीरात मोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक) हे फार महत्त्वाचं, कारण नेहमीच्या पॅनेलमधले मोजके बदल मुख्यतः युरोपीय लोकांतल्या अभ्यासांतून आलेले आहेत. निकाल स्वच्छ आला तरी कॅपेसिटाबिन किंवा फ्लुरोयुरॅसिल ही कॅन्सरची औषधं सुरू झाल्यावर जुलाब, तोंडातले फोड आणि पांढऱ्या पेशी यांच्यावर नजर हवीच. सीवायपी२डी६च्या जनुकाच्या प्रती काहींत दोनपेक्षा कमी-जास्त असतात, म्हणून त्या मोजल्या जातात का, हे चाचणी मागवण्याआधी विचारा.

दुसरी उणीव : रिपोर्टला पेशंटच्या बाकीच्या गोळ्या माहीत नसतात. जनुक नॉर्मल असूनही फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन (नैराश्यावरच्या गोळ्या) चालू असेल तर सीवायपी२डी६ दबतं आणि ट्रामाडॉलने दुखणं हटत नाही, कारण या वेदनाशामकाला तेच एन्झाइम कामाला लावतं. ओमेप्राझोल ही पित्ताची गोळी सीवायपी२सी१९ला तसंच दाबते. पित्ताची गोळी पेशंट विचारल्याशिवाय सांगत नाही, म्हणून औषधांची पिशवीच आणायला सांगावी.

नमुना गालाच्या आतून घ्यायचा असेल तर आधी निदान ३० मिनिटं चहा, पान, तंबाखू, मिश्री काही नको, नाहीतर नमुना बाद होऊन आठवडा वाया जातो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, हे फॉर्मवर लिहायलाच हवं. यकृत बदललं असेल तर औषध पचवणारी एन्झाइम्स दात्याच्या जनुकांची, हेही.

मुंबईत पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाला १४ दिवस प्रायमाक्विन देण्याआधी जी६पीडी बघायचं असतं, पारशी कुटुंबांत तर आवर्जून; हे एन्झाइम कमी असेल तर त्या गोळीने लाल रक्तपेशी फुटतात. या पॅनेलमध्ये ते नाही, एन्झाइमची चाचणी वेगळी करावी लागते. रक्तपेशी नुकत्याच फुटलेल्या असतील तर तीही फसवी नॉर्मल येऊ शकते, कारण उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं.

आम्ही आता रंगीत पान फाईलला लावतो आणि पेशंटला पाकिटात मावेल असं मराठी कार्ड देतो : जनुक, मूळ निकाल, औषध, 'लागू पडत नाही', 'मानवत नाही' की 'अंगावर उठलं' यांपैकी काय, तारीख. अर्थाबरोबर *२/*२ हे मूळ अक्षरही ठेवतो, कारण सल्ला पुढे बदलला तरी निकाल तोच राहतो. खाली मोठ्या अक्षरांत एकच ओळ : 'हे कार्ड डॉक्टरांना दाखवा, गोळी स्वतः बंद करू नका.'