आयएमए पुणेची मेंबरशिप घ्या, पण घेऊन गप्प बसू नका

नवीन प्रॅक्टिस टाकलेली मुलंमुली विचारतात, मॅडम, आयएमएची, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या संघटनेची, इंडियन मेडिकल असोसिएशनची, मेंबरशिप घेऊ का? घ्याच. फक्त घेतल्यावर टिळक रोडला डॉ. नितू मांडके आयएमए हाऊसला जात जा, आणि शक्यतो टू व्हीलरवर जा.

माझं क्लिनिक धायरीत आहे. पहिली काही वर्षं मी तिथल्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या लेक्चरला, फक्त क्रेडिट पॉइंटसाठी जायचे, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशन रिन्यूअलला 5 वर्षांत 30 लागतात ना, म्हणून सही करायची, मागच्या रांगेत बसायचं आणि संध्याकाळच्या ओपीडीला पळायचं. आता वाईट वाटतं त्याचं.

मग जानेवारी 2025 आला. आमच्या सिंहगड रोड पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी इकडे जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, पेशंट निघायला लागले. "डॉक्टर, मागच्या आठवड्यात जुलाब झाले होते, आता पायाला मुंग्या येतायत, जिना चढवत नाही", हे वाक्य न्यूरॉलॉजिस्टच्या आधी आपल्यासारखा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, ऐकतो. त्या सुमाराच्या एका सीएमईत लेक्चर उत्तमच होतं, नर्व्ह कंडक्शनची तपासणी, आयव्हीआयजीची ट्रीटमेंट सगळं, पण मला राहवेना, उभी राहिले आणि म्हणलं, सर, माझ्याकडे हॅमर आहे आणि टॉर्च आहे, मी काय बघू आणि कधी पाठवू? पुढचा अर्धा तास त्यावरच गेला. ताकद दोन्ही पायांची कमी झालीये का, अशक्तपणा वर सरकतोय का, गुडघ्याचे रिफ्लेक्स मिळतायत का, गिळताना त्रास होतो का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात. आकडे कमी पडायला लागले की थांबायचं नाही, आयसीयू असलेल्या ठिकाणी पाठवायचं. ससून हॉस्पिटलची एक रेसिडेंट डॉक्टर बसली होती, ती म्हणाली, मॅडम, चिठ्ठीत नुसतं 'वीकनेस' लिहू नका, कधी सुरू झालं ती तारीख आणि तुम्ही तपासलं तेव्हा पेशंट स्वतः उठत होता का तेवढं लिहा, रात्री कॅज्युअल्टीत आम्हाला तेच हवं असतं. तीस वर्षं प्रॅक्टिस केलेले सर ते वहीत उतरवून घेत होते!

चहाच्या वेळी कमिटीतल्या एका सरांनी मला थांबवलं, "पुढच्या वेळचे प्रश्न तुम्हीच काढून द्या." दिले काढून. तेव्हापासून आम्ही तिघीचौघी आधी केस पाठवतो.

आधी मी दुसऱ्या एका संघटनेत होते, तिथे विषय वरून ठरून यायचा, प्रश्नांना पाच मिनिटं पण उरायची नाहीत. मी सोडली.

आयएमए 1928 पासूनची, देशभर पसरलेली, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं दिल्लीतच ठरत असणार. पण आयएमएच्याच राज्याच्या आणि दिल्लीच्या कौन्सिलवर शाखांमधूनच निवडून गेलेले मेंबर असतात, म्हणजे शाखेच्या निवडणुकीत मत नाही दिलं तर पुढे तक्रार कुणाकडे करणार? विद्यार्थ्यांसाठी मेडिकल स्टुडंट्स नेटवर्क आहे, ज्युनियर डॉक्टरांचं वेगळं नेटवर्क आहे, तुमच्या इंटर्नला पण सांगा.

माझी एक मागणी आहे, जीपींसाठीची सेशन्स दुपारी 2 ते 4 ठेवा, दोन्ही ओपीडी सांभाळून येता येतं. ज्यांना हे पटतंय त्यांनी पुढच्या मीटिंगला या, आपण मिळून मांडू.